प्रत्यात्मनियता : माणसाचे वेगळेपण आणि त्याचे पालटणे

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने प्रकृतिपरीक्षणाची देशव्यापी मोहीम हाती घेतली आणि मोबाइल अॅपच्या साहाय्याने एक कोटीहून अधिक लोकांची प्रकृती नोंदली गेली. आयुर्वेदातील एक पारिभाषिक शब्द इतक्या घरांत एकाच वेळी पोहोचावा, ही आपल्या सर्वांच्याच आनंदाची गोष्ट होय. मात्र तेव्हापासून चिकित्सालयात एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. रुग्ण मोबाइलवरील प्रमाणपत्र पुढे करतो आणि म्हणतो, "डॉक्टर, माझी प्रकृती वातपित्त आली. म्हणजे हा तापट स्वभाव आता जन्मभराचाच ना?" शेजारी बसलेली पत्नी त्यात भर घालते, "प्रकृतीच अशी म्हटल्यावर यांना बोलून काय उपयोग?"

हा प्रश्न वरवर साधा वाटला तरी वैद्याला पेचात टाकणारा आहे. 'होय' म्हणावे तर रुग्णाच्या हाती आपण स्वतःच्या वागण्यासाठी एक शास्त्रीय सबब दिली, असे होते. 'नाही' म्हणावे तर प्रकृती गर्भाधानसमयी ठरते आणि आमरण टिकते, या सिद्धांताला बाधा येते. शुक्रशोणितसंयोगाच्या वेळी जो दोष उत्कट असतो त्यावरून प्रकृती घडते, आणि तिचा प्रकोप, क्षय वा अन्यथाभाव मरणासन्न अवस्थेखेरीज होत नाही, हे सुश्रुतांचे मत आपण विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले आहे. दुसऱ्या बाजूला, माणसे बदलतात हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. विशीत उधळलेला मुलगा चाळिशीत घराचा आधार होतो. आयुष्यभर हसतमुख राहिलेली आजी सत्तरीत कुरकुरी बनते. मग शास्त्र चुकते की आपले पाहणे?

आमच्या मते अडचण 'प्रकृती' हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो तेथे आहे. दोषप्रकृती हा एक अर्थ. परंतु चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, प्रकृतीचा याहून विस्तृत विचार येतो. तेथे माणसाची प्रकृती सहा अंगांनी पाहावी असे सांगितले आहे : जातिप्रसक्ता, कुलप्रसक्ता, देशानुपातिनी, कालानुपातिनी, वयोऽनुपातिनी आणि प्रत्यात्मनियता. परीक्षेपुरती ही यादी आपण सर्वांनी लिहिली आणि बहुधा तेथेच सोडून दिली. ती कोठे आली आहे हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. इंद्रियस्थान हे अरिष्टलक्षणांचे, म्हणजे मृत्युसूचक चिन्हांचे स्थान. माणूस नेहमी कसा होता हे ठाऊक असल्याखेरीज तो आता विपरीत झाला हे कळणार नाही, म्हणून त्या स्थानाचा आरंभच 'नेहमीचा माणूस' ओळखण्यापासून होतो. या यादीमागे अशी निकडीची वैद्यकीय गरज उभी आहे.

या सहांपैकी पहिल्या दोहोंवर आम्ही फार थांबत नाही. 'जाती' या पदाचा परंपरेने जो वर्णपर अर्थ घेतला जातो तो आज जसाच्या तसा स्वीकारणे आम्हाला योग्य वाटत नाही. आपल्या तालुक्यात वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, भंडारी, वारली असे अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले. त्यांच्यात जो फरक दिसतो तो मुख्यतः व्यवसाय, आहार आणि दिनचर्येचा आहे, आणि व्यवसाय सुटला की तो एका पिढीत विरळ होतो. होडीवर न गेलेल्या मुलाला समुद्राचे धाडस केवळ कोळ्याच्या घरी जन्मला म्हणून येत नाही.

कुलाचा वाटा मात्र निश्चित आहे. जुळ्या भावंडांवर जगभर झालेल्या अभ्यासांतून, स्वभावगुणांतील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असावा, असा अंदाज निघतो. गंमत पुढेच आहे. उरलेला वाटा एकाच घरात, एकाच ताटात वाढल्यामुळे येत असेल असे आपण समजतो, पण अभ्यास तसे सांगत नाहीत. तो मुख्यतः भावंडांना समाईक नसलेल्या अनुभवांतून येतो. एकाच आईच्या दोन लेकी एकाच चुलीजवळ वाढून इतक्या वेगळ्या का, हा सगळ्या आयांचा प्रश्न या संशोधनाने सोडवलेला नाही, फक्त अधिक ठळक केला आहे. जनुकीय अंगाने दोषप्रकृतीचाही शोध चालू आहे. २०१५ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात पित्तप्रकृतीचा पीजीएम-१ या जनुकाशी संबंध सूचित करण्यात आला. मात्र त्यासाठी निवडलेले पुरुष एकेका दोषाचे स्पष्ट प्राधान्य असलेले होते. आपल्या बाह्यरुग्ण विभागात येणारे बहुसंख्य लोक द्वंद्वज प्रकृतीचे असतात, हे विसरून चालणार नाही.

आता देशाकडे वळू, कारण येथे आपल्याला दूर जावे लागत नाही. चरकांनी कल्पस्थानात अनूप देशाचे जे वर्णन केले आहे त्यात नारळ आणि केळीची दाट वने, समुद्राचे सान्निध्य आणि थंड वारे येतात. अर्नाळ्यापासून निर्मळ, भुईगाव, गास या गावांवरून पाचूबंदरापर्यंत जाणाऱ्या वाटेचेच ते वर्णन वाटावे. असा देश वातकफप्राय असतो आणि तेथील माणसे सुकुमार असतात, असे शास्त्र सांगते. पहिले विधान आपण दर पावसाळ्यात तमकश्वासाच्या आणि आमवाताच्या रुग्णांत पडताळून पाहतो. दुसऱ्याविषयी आम्हाला किंचित शंका आहे. पहाटे वाडीत शिरून केळीचे घड उतरवणारा, नारळाच्या झाडावर सरसर चढणारा वसईकर शेतकरी, किंवा डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी कोळीण यांना सुकुमार म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. देशाने दिलेला मृदुपणा श्रमाने कसा झाकला जातो, त्याचे हे उदाहरण होय. एकेक कारण सुटे काढून माणूस समजत नाही, तो समजतो कारणांच्या संयोगातून.

परंतु हा देशच आता पूर्वीचा राहिलेला नाही. रहाटाच्या विहिरी थांबल्या, गावोगावची बावखले बुजली, काही ठिकाणी गोड्या पाण्याच्या विहिरींना खार लागला. १९८०च्या दशकाअखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीने, ज्यात 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) अग्रभागी होते, याच बदलाविषयी इशारा दिला होता. २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. नालासोपाऱ्याच्या पूर्वेस चौथ्या मजल्यावरील एका खोलीत राहणाऱ्या माणसाचा देश कोणता म्हणावा? दमट हवा अनूपाचीच, पण केळीची सावली नाही, विहीर नाही, खेळता वारा नाही. त्यातून तो जन्मला माणदेशात, जांगल देशात, ज्वारीच्या भाकरीवर. विरारला आल्यावर तो 'आळशी झाला', 'अंगात सुस्ती भरली' असे घरचे म्हणतात, आणि तोही स्वतःला तसेच समजू लागतो. वास्तविक त्याची प्रकृती बदललेली नाही. ओकसात्म्य मोडले आहे आणि नवे अद्याप जुळलेले नाही. अशा रुग्णाला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या आहारात भाकरी परत आणावी, दिवसाची झोप बंद करावी आणि दोन महिने पाहावे, असे आम्ही सुचवू.

काळाविषयी शास्त्र ऋतूंच्या अंगाने बोलते. आपल्याकडे त्यात रेल्वेच्या वेळापत्रकाची भर घालावी लागते. विरारहून मुंबईकडे पहिली गाडी १८६७ साली धावली. तेव्हापासून या भागातील माणसाचा दिवस हळूहळू सूर्याऐवजी गाडीला बांधला गेला. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन रोज तीन-साडेतीन तास, आणि तेही बहुतेक वेळा उभ्याने, रेटारेटीत, घोषणांच्या गोंगाटात. पहाटे साडेचारला उठणारा आणि रात्री अकराला झोपणारा हा वर्ग आपल्या रुग्णसंख्येचा मोठा भाग आहे. रात्रिजागरण, वेगधारण, अनियमित भोजन, अतिप्रवास : वातप्रकोपाच्या कारणांची यादी करायला बसलो तर ती या गाडीच्या डब्यातच पूर्ण होते.

आणि याच ठिकाणी प्रश्नावलीवर आधारलेल्या प्रकृतिपरीक्षणाचा खरा धोका दिसतो. 'तुमची झोप कशी आहे?' 'तुम्ही पटकन चिडता का?' 'निर्णय बदलता का?' या प्रश्नांना रुग्ण आजची उत्तरे देतो. वीस वर्षे विरार लोकलमधून प्रवास करणाऱ्या कोणाचीही उत्तरे वाताकडेच झुकणार. आपण ती प्रकृती म्हणून नोंदली, की विकृतीलाच जन्मसिद्ध स्वभाव ठरवल्यासारखे होते. मग चिकित्साही बदलते. जे शमन करून जायला हवे ते 'याचे असेच असायचे' म्हणून सोडून दिले जाते. आमच्या पाहण्यातील एक गृहस्थ, वय पंचेचाळीस, खासगी कार्यालयात हिशेबनीस, कृश, निद्रानाशाने त्रस्त, घरात शब्दाशब्दाला भडकणारे. प्रमाणपत्र वातपित्ताचे. त्यांच्यासोबत एकदा त्यांची थोरली बहीण आली. लहानपणी ते कसे होते असे विचारताच ती हसून म्हणाली, "हा? ह्याला उठवायला आई पाणी मारायची. शाळेत मार खाऊन आला तरी रडायचा नाही. आम्ही याला गणपती म्हणायचो." बालपणीचे गुबगुबीत शरीर, गाढ झोप, मंद पण स्थिर वृत्ती, उशिरा येणारा आणि टिकून राहणारा राग : हे कफप्राधान्याचे चित्र होते. गेल्या वीस वर्षांचा वात त्यावर चढलेला होता. अभ्यंग, बस्ती, रात्रीच्या जेवणाची वेळ आणि कार्यालयाच्या परवानगीने उशिराची गाडी, इतक्यावर सहा महिन्यांत झोप परतली. वजन थोडे वाढले. घरच्यांच्या मते माणूस 'बदलला'. आमच्या मते तो मूळपदावर आला.

वयाच्या बाबतीत शास्त्राची मांडणी सर्वपरिचित आहे. बाल्यात कफ, मध्यम वयात पित्त, वार्धक्यात वात. पाश्चात्त्य मानसशास्त्राने दीर्घकाळ असे मानले होते की तिशीनंतर स्वभाव घट्ट होतो. २००६ साली ९२ दीर्घकालीन अभ्यासगटांच्या एकत्रित विश्लेषणाने ते मत बरेच मागे पडले. विशी ते चाळिशीच्या दरम्यान माणसांतील कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढते आणि हा बदल त्यानंतरही पूर्ण थांबत नाही, असे त्यातून दिसले. संसार, नोकरी, जबाबदारी यांतून माणूस मुरतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी आकडेवारीने सांगावे लागले नव्हते, तो भाग निराळा. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की असे अभ्यास सरासरीविषयी बोलतात. माणसामाणसांतील क्रम मात्र बराचसा टिकून राहतो. वर्गातील सर्वांत धांदरट मुलगा चाळिशीत पुष्कळ सुधारतो, तरी वर्गमित्रांच्या स्नेहसंमेलनाला उशिरा तोच येतो.

हा जो टिकून राहणारा अंश, त्यालाच प्रत्यात्मनियता म्हणावे. त्याचा शोध एखाद्या आयुष्यात घ्यायचा तर वसईच्या मातीतच एक उदाहरण आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज अमलाखालील वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. जेझुइट पाद्र्यांकडे शिक्षण, किशोरवयातच त्यांच्यासोबत जपानला प्रयाण आणि तेथे काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम. संघात प्रवेश न मिळाल्याने त्यांनी ते काम सोडले आणि ते व्यापारी झाले. व्यापार उत्तम चालला असता तोही सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. पुढे त्याच संघाबरोबर पुन्हा जपान, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सहकाऱ्यांसह क्रूसावर मृत्यू. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. वसईतील महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

चार शतकांपूर्वीच्या माणसाची नाडी आम्ही पाहू शकत नाही आणि दोषप्रकृती सांगण्याचा आगाऊपणा करणारही नाही. पण आयुष्याचा आलेख समोर आहे. देश बदलला, व्यवसाय तीनदा बदलला, धन आले आणि गेले. या सर्व काळात एक गोष्ट अखंड दिसते : परक्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येणे. जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे ते प्रथम धर्मशिक्षक म्हणून उपयोगी पडले, तिचा व्यापारात उपयोग झाला, आणि शेवटच्या पर्वात दुभाषा म्हणून त्यांचीच गरज लागली. गुण तोच, त्याचे प्रयोजन मात्र प्रत्येक पर्वात वेगळे. आमच्या समजुतीप्रमाणे माणसाचा स्वभाव 'बदलतो' तो बहुतांशी याच रीतीने. मूळ द्रव्य तेच राहते, ते कशासाठी खर्च होते हे पालटते. व्यवहारात एखादी गृहिणी हट्टी म्हणून घरात बदनाम असते. तोच हट्ट मधुमेहाच्या पथ्याकडे वळला की वैद्याला तिच्यासारखा रुग्ण दुसरा मिळत नाही.

प्रयोजन पालटवण्याचे साधनही शास्त्राने दिले आहे. दशविध परीक्षेत प्रकृतीपासून वेगळे असे सत्त्व आणि सात्म्य सांगितले, त्याचे कारण हेच असावे. शारीरस्थानात वर्णिलेल्या सोळा सत्त्वप्रकारांत, सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस, एकच माणूस आयुष्यात एकाहून अधिक प्रकारांच्या जवळ जाऊ शकतो, असे आम्हाला वाटते. सात्म्य तर उघडच अभ्यासाने घडते आणि अभ्यासाने सुटते. अहितकर सवय कशी सोडावी याविषयी चरकांनी सांगितलेला पादांशिक क्रम आपण तंबाखू-मद्यापुरता राखून ठेवला आहे. तो रागालाही लागू करता येतो. चतुर्थांश सोडावे, तेथे थोडे थांबावे, मग पुढचा चतुर्थांश. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना आम्ही 'रागावू नका' असे एकदाही सांगितले नाही. घरी पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे कोणाशी बोलायचे नाही, हातपाय धुवून बसायचे, एवढेच सांगितले. पंधरा दिवसांनी जेवणाच्या वेळी भ्रमणध्वनी बंद. प्रत्येक पायरी इतकी लहान, की न पाळणे लाजिरवाणे वाटावे. सर्व वाईट एकदम सोडण्याच्या शपथा नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच का मोडतात, याचे उत्तर या क्रमात आहे.

राहिला एक प्रकार, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. भक्ती, शील, स्मृती, त्याग, बुद्धी आणि बल या सहा गोष्टी कारणावाचून मावळू लागल्या तर ते अरिष्ट होय, असे इंद्रियस्थान सांगते. येथे 'कारणावाचून' या शब्दावर सर्व भार आहे. देश, काळ, वय, श्रम, दुःख यांपैकी कारण सापडले तर तो बदल समजण्यासारखा आहे. कारण सापडत नसेल तर वैद्याने क्षणभरही स्वस्थ बसू नये. पासष्ट वर्षांचा काटकसरी माणूस अचानक पैसे उधळू लागला, देवभीरू वृद्धा शिव्या देऊ लागली, बोलका माणूस चार आठवड्यांत गप्प झाला, तर 'म्हातारपणचा वात' असे लिहून मोकळे होणे अक्षम्य ठरेल. किरकोळ पडण्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली सावकाश साचणारे रक्त, रक्तातील सोडियम घटणे, थायरॉइडचा विकार, मेंदूतील गाठ, पुढच्या भागापासून सुरू होणारा स्मृतिभ्रंश, किंवा खोल विषाद : यांतील काहींवर वेळीच उपाय झाल्यास माणूस पूर्ण परत येतो. प्राचीनांनी ज्याला मृत्यूची चाहूल मानले, त्यातील काही वाटा आज अडवता येतात. त्यासाठी रुग्णाला योग्य तपासणीसाठी पाठवण्यात कोणताही कमीपणा नाही.

मात्र कारण आहे की नाही हे ठरवण्यासाठी माणूस पूर्वी कसा होता याची नोंद हाताशी हवी, आणि आपल्या बहुतेकांच्या रुग्णपत्रिकांत ती नसते. तेथे 'प्रकृती' या शीर्षकापुढे दोन अक्षरे असतात, 'वा.पि.' किंवा 'क.वा.'. आमची सूचना अशी, की त्या जागी दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात. एकीत 'दहाव्या वर्षी' आणि दुसरीत 'आज' असे लिहावे. पहिली ओळ शक्यतो रुग्णाकडून भरून घेऊ नये. आई, थोरले भावंड, गावाकडची मावशी, जे कोणी सोबत येईल त्याला विचारावे. झोप, भूक, राग येण्याची आणि जाण्याची गती, गर्दीत आणि एकटेपणी वागणे, जन्मगाव कोणते आणि येथे केव्हा आले, एवढे पुरे. पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. दुसरी ओळ दर वर्षी नव्याने लिहावी. आणि पासष्टीपुढील रुग्ण एकटा आला असेल, तर पुढच्या खेपेस घरातील कोणाला तरी घेऊन या, असे त्याच दिवशी सांगून ठेवावे.